मलेरियाची गोळी आणि लाल पेशीतली साखर

प्रश्न : मुलाला (वय 14) व्हायवॅक्स मलेरिया झाला. प्रायमाक्वीन सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले. डॉक्टरांनी गोळी थांबवली, जी-सिक्स-पीडी हे लाल पेशीतले साखरेवर काम करणारे एन्झाइम कमी असेल म्हणाले. पण आठवड्याने तपासणी नॉर्मल आली. साखरेच्या एन्झाइमचा या गोळीशी संबंध काय? पोपटाच्या शेंगा बंद कराव्या का?
– एक वाचक, ता. धानोरा, जि. गडचिरोली

उत्तर : लाल रक्तपेशीत केंद्रक नसते. संकट आले म्हणून नवे एन्झाइम तिला तयार करता येत नाही. आहे त्याचाच वेग कमीजास्त करायचा. आत आलेल्या ग्लुकोजवर फॉस्फेट चढले की दोन वाटा फुटतात. बहुतेक साखर ऊर्जेच्या वाटेने जाते. थोडी पेंटोज मार्गाने जाते आणि एनएडीपीएच हे पेशीच्या बचावाला बळ देणारे द्रव्य देते. त्याच्याच जोरावर ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य पेशीला इजा करणाऱ्या पेरॉक्साइडला निकामी करते.

या दुसऱ्या वाटेच्या तोंडाशी जी-सिक्स-पीडी असते आणि साठलेले एनएडीपीएचच त्याला दाबून ठेवते. प्रायमाक्वीनपासून शरीरात बनणाऱ्या द्रव्यांनी पेरॉक्साइड वाढले की एनएडीपीएच खर्ची पडते, दाब सुटतो, एन्झाइम वेग घेते. शिवाय ऊर्जेच्या वाटेवरच्या जीएपीडीएच या एन्झाइममधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाचे ऑक्सिडीकरण होऊन ते तात्पुरते थांबते आणि मागे तुंबलेली साखर पेंटोज मार्गाकडे वळते. धोकाच बचाव सुरू करतो, ही रचना विलक्षण सुंदर आहे.

जी-सिक्स-पीडी मुळातच कमजोर असेल तर दाब सुटूनही उपयोग नाही. हिमोग्लोबिन बिघडून त्याच्या गुठळ्या होतात, पेशी फुटतात. आधी जुन्या फुटतात, कारण पेशीच्या 120 दिवसांच्या आयुष्यात एन्झाइम झिजत जाते. मागे उरतात त्या तरुण, भरपूर एन्झाइम असलेल्या पेशी. आठवड्यातच केलेली तपासणी म्हणूनच फसवी. ती तीन महिन्यांनी पुन्हा करा. मध्ये रक्त चढवले असेल तर दात्याच्या पेशीही मोजल्या जातात, हे डॉक्टरांना सांगा.

तोवर रोजचे प्रायमाक्वीन नको. डॅप्सोन (कुष्ठरोगावरचे), नायट्रोफ्युरॅन्टॉइन (लघवीच्या जंतुसंसर्गावरचे) ही औषधेही नकोत, कपड्यांत नॅप्थलीनच्या डांबरगोळ्याही नकोत. मात्र व्हायवॅक्स यकृतात दडून पुन्हा उलटतो, म्हणून ताप आला की लगेच रक्त तपासा. कमतरता ठरलीच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, किलोमागे 0.75 मिलिग्रॅम, असे 8 आठवडे प्रायमाक्वीन देता येते. घरी मनाने देऊ नका. लघवी पुन्हा काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, मूत्रपिंडाला धोका असतो.

जी-सिक्स-पीडीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलाकडे ते आईकडूनच येते. भावंडांची आणि मामांचीही तपासणी करून घ्या. पोपटाच्या शेंगा म्हणजे वाल, त्या खुशाल खाऊ द्या. त्रास देतो तो बाकला, त्यातल्या व्हायसीन या द्रव्यामुळे.