मेळघाटात पालक बाळाला लसीचा दुसरा डोस द्यायला का टाळतात? अडाणीपणामुळेच ना?

नाही. बहुतेकदा गाडी अडते ती तापावर. पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीची, सुई ६, १० आणि १४ आठवड्यांना असते. पहिलीनंतर बाळाला ताप येतो, मांडी सुजते, लेकरू रात्रभर रडतं. सकाळी आईला कापूस वेचायला जायचं असतं, मजुरी बुडते. ‘चांगलं लेकरू बिमार केलं’ असं सासू म्हणाली तर तिचं तरी काय चुकलं? एखाद-दोन दिवस ताप येईल हे आशाताईनं आधीच सांगितलं, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल समजावून दिलं, तर दुसऱ्या सुईला तीच सासू बाळ घेऊन येते.

भाषेचंही आहेच. धारणी-चिखलदऱ्याकडे घरात कोरकू बोलतात आणि भिंतीवर पोस्टर मराठीत! भूमकाचा, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूचा, शब्द तिथे डॉक्टरपेक्षा वजनदार; त्याला शत्रू करण्यापेक्षा सोबत घेतलेलं बरं.

शिवाय दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं कामाला बाहेर जातात, होळीला परततात. लसीकरणाचं कार्ड सोबत न्यायला सांगा. आणि हो, मधली सुई चुकली म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेलीच द्यायची. ओरडा खावा लागेल या भीतीनंच कित्येक आया परत येत नाहीत.