पाऊस 'पाडला' की पाऊस 'पडला'?

प्रश्न असा आला आहे: "बातम्यांत 'कृत्रिम पाऊस पाडला' असे वाचतो. पाऊस कृत्रिम कसा? आणि पाऊस पडतो, तो 'पाडला' म्हणणे व्याकरणात बसते का?"

बसते. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, गळणे-गाळणे या जोड्या मराठीत जुन्याच. पहिल्या रूपात गोष्ट आपसूक होते, दुसऱ्यात ती करणारा कोणीतरी असतो. सगळी अडचण त्या 'कोणीतरी'पाशी आहे.

आधी 'कृत्रिम'. संस्कृतात अर्थ साधा, 'करून झालेले'. मनुस्मृतीतल्या बारा प्रकारच्या पुत्रांत एक 'कृत्रिम' आहे, म्हणजे आपलासा करून घेतलेला मुलगा. खोटा मुलगा नव्हे. मराठीत मात्र शब्दाला नकलीपणाचा वास लागला: कृत्रिम हसू, कृत्रिम टंचाई. त्यामुळे 'कृत्रिम पाऊस' म्हटले की पाणीच बनावट वाटते. ओळखीच्या एका आजींनी विचारलेही होते, "ते पाणी प्यायचं, की नुसतं पिकाला द्यायचं?"

पाणी ढगातलेच असते. शून्याखाली गार होऊनही न गोठलेले थेंब ढगात असतील, तर तिथे विमानातून सिल्व्हर आयोडाइड या रसायनाचे कण सोडतात. त्यांच्या स्फटिकाची ठेवण बर्फासारखी असल्याने त्यांच्याभोवती बर्फ धरतो. उबदार ढगात ओल शोषणारे क्षारकण सोडतात. ढगच नसेल तर विमान रिकामे फिरून येते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूरच्या पर्जन्यछायेत प्रयोग केले. काही ढगांत कण सोडले, काही तसेच ठेवले आणि तुलना केली. सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत पाऊस सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास वाढलेला दिसला. म्हणजे बराचसा पाऊस पडणारच होता, थोडा जास्त पडला. यातला नेमका कोणता थेंब 'पाडलेला', हे सांगता येत नाही.

म्हणून 'पाडला' हे क्रियापद मला खटकते, व्याकरणामुळे नव्हे, सोयीमुळे. विमान उडवल्यावर सर आली की 'आम्ही पाऊस पाडला'. तीच सर ओढ्याकाठच्या घरात शिरली, की 'पाऊस पडला'. श्रेय घेताना कर्ता हजर, भरपाईच्या वेळी गैरहजर. १६ एप्रिल २०२४ ला दुबई पाण्याखाली गेली तेव्हा उलटे झाले. लोक म्हणाले, सरकारने पाऊस पाडला. तिथल्या हवामान केंद्राने सांगितले, त्या वादळात कण सोडलेच नव्हते. पण एरवी 'आम्ही पाडतो' म्हणणाऱ्याने त्या दिवशी 'नाही' म्हटले तर ऐकणार कोण?

शेजाऱ्याचाही प्रश्न आहेच. २०१८ मध्ये इराणच्या एका लष्करी अधिकाऱ्याने इस्रायलवर ढग चोरल्याचा आरोप केला. इराणच्याच हवामान खात्यातल्या अधिकाऱ्याने असे ढग चोरता येत नाहीत म्हणून तो खोडून काढला. पण एकदा पाऊस 'पाडता' येतो म्हटले, की तो 'चोरता' येतो हे भाषेत ओघानेच आले. संशयाला पूर्वपीठिकाही आहे: अमेरिकेने १९६७ ते १९७२ या काळात व्हिएतनाम युद्धात शत्रूच्या वाटा चिखलात रुतवायला ढगांत कण सोडले होते.

आपल्याकडे धोंडी काढली, देव पाण्यात घातले, तरी क्रियापद 'मागणे' हेच असे. पाऊस मागत, पाडत नसत.

मग लिहायचे काय? सरकारी कागदांत 'मेघबीजन' राहू दे. मी 'ढगपेरणी' लिहितो. पेरणी म्हटले की कोणी केली, कोणाच्या शिवारात केली हे विचारता येते, आणि पेरलेले सगळे उगवतेच असे कोणी धरून चालत नाही. बातमी अशी लिहावी: 'ढगांत पेरणी केली, नंतर पाऊस पडला.' दोन क्रियापदे, मध्ये स्वल्पविराम. स्वल्पविराम काढून 'म्हणून' घालायचे असेल, तर आधी सोलापूरसारखी तुलना दाखवावी.