चाकांवरचा बास्केटबॉल

प्रश्न : माझ्या १६ वर्षांच्या लेकाचा पाय अपघातात गुडघ्याखाली गेला. त्याला बास्केटबॉलचं वेड आहे. दादा, तो खेळू शकेल का? – एक आई, परळी

उत्तर : ताई, नक्की खेळेल, माझ्यासारखा व्हीलचेअरवर बसून. लातूरला मी सुरुवात केली तेव्हा कित्येक आठवडे चेंडू हाती आलाच नाही. नुसती खुर्ची पळवायची, वळवायची, थांबवायची. तळहाताची सालटी निघाली. दवाखान्याच्या खुर्चीवर मात्र त्याला खेळवू नका. खेळाच्या खुर्चीची चाकं खाली बाहेरच्या बाजूला कललेली असतात, म्हणून ती चटकन वळते. बास्केट सगळ्यांसारखीच, ३.०५ मीटर उंच. चेंडू हाती असताना चाकाला दोनच रेटे, मग टप्पा, पास किंवा शॉट.

प्रत्येकाला शारीरिक क्षमतेनुसार १ ते ४.५ गुण असतात. मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर चालत नाही. तुमच्या लेकाला बहुधा वरचे गुण मिळतील. माझे दीड. कमरेवर ताबा नाही, त्यामुळे बास्केट थोड्याच केल्या. मी खुर्ची आडवी घालतो, प्रतिस्पर्धी अडतो आणि आमचा गडी मोकळा सुटतो. हे काम मला जिवापाड आवडतं.

रविवारी सकाळी त्याला घेऊन या. माझी जुनी खुर्ची त्याच्या मापाची निघेल.