ऑटिझमवर संशोधन करते आहे, पण पालक सहकार्य करत नाहीत. त्यांना सहभागी कसं करून घ्यावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बडोद्यात पीएचडी करताय, ऑटिझम असलेल्या मुलांची ४० कुटुंबं हवी आहेत आणि सहा महिन्यांत ११ मिळाली. पालक फोन उचलत नाहीत, उचलला तर 'नंतर बघू' म्हणतात. त्यांना तयार कसं करू, असं विचारलंय.

फोन न उचलणाऱ्यांपैकी मीही असेन. माझा मुलगा २३ वर्षांचा आहे, आम्ही दांडिया बाजारात राहतो. आजवर चार जणांच्या अभ्यासासाठी मी फॉर्म भरले. त्यातला एक २२ पानांचा होता, तोही इंग्रजीत. मुलगा शेजारी बसून पंख्याचा रेग्युलेटर फिरवत होता आणि 'या मुलामुळे तुम्हाला किती ताण येतो' या प्रश्नाला मी त्याच्यासमोर एक ते पाचमधले आकडे देत होते. चौघांपैकी एकही जण परत आला नाही. अभ्यासातून काय निघालं, काही निघालं की नाही, काही कळलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. तुम्ही तशा आहात असं नाही म्हणत. पण तुमचा फोन वाजतो तेव्हा आम्हाला ते चौघं आठवतात.

आणखी एक. तुम्ही कुटुंबांची संख्या लिहिलीत, विषय लिहिलाच नाहीत. माझ्या मते गोम तिथेच आहे. विषय आधीच ठरलाय, आता फक्त माणसं हवीत. मग आम्ही सहभागी कशात व्हायचं?

आम्हाला विचारलं असतं तर काय सुचवलं असतं, त्याचं एक उदाहरण देते. मुलगा चार वर्षांचा असताना एका ठिकाणी आम्हाला सांगितलं की घरात मराठी, बाहेर गुजराती, टीव्हीवर हिंदी, यानं मूल गोंधळतं. एकच भाषा ठेवा. शाळा गुजराती, म्हणून आम्ही घरातही गुजराती सुरू केलं. माझ्या सासूबाईंना गुजराती यायचं, पण भाजीवाल्याशी हुज्जत घालण्यापुरतं. त्या भाषेत लाड करता यायचे नाहीत. त्या नातवाशी बोलायच्याच बंद झाल्या. तीन वर्षं त्याला मांडीवर घेऊन नुसत्या थोपटायच्या.

पुढे कळलं की दोन भाषा ऐकणाऱ्या आणि एकच भाषा ऐकणाऱ्या ऑटिस्टिक मुलांची तुलना परदेशात अनेकदा झालीय आणि दुसऱ्या भाषेमुळे नुकसान होतं असं काही त्यातून निघालेलं नाही. आज मुलगा मराठी सगळं समजतो, मोबाइलवर गुजरातीत टाइप करतो आणि चिडला की कार्टूनमधल्या हिंदीत ओरडतो. तोंडानं बोलतो ते मोजके शब्द बहुतेक मराठी आहेत, आणि ते सासूबाईंचे आहेत. 'घरी कोणती भाषा बोलायची' हा प्रश्न घेऊन कुणी आलं असतं तर सुरसागर तलावाच्या अलीकडची दहा घरं मी स्वतः फिरून जमवून दिली असती.

हे एकट्या बडोद्याचं रडगाणं नाही. ब्रिटनमध्ये २०१४ साली हिशेब मांडला तेव्हा ऑटिझम-संशोधनावरचा निम्म्याहून जास्त पैसा जीवशास्त्र, मेंदू आणि आकलन यांवर जात होता. ऑटिस्टिक माणसं आणि घरचे मात्र रोजच्या जगण्याबद्दल आणि मिळणाऱ्या सेवांबद्दल विचारत होते. २०१६ मध्ये तिथेच त्यांना आणि तज्ज्ञांना एकत्र बसवून दहा प्रश्नांची यादी केली. पहिला प्रश्न मानसिक आरोग्याचा आला.

अमेरिकेतल्या 'आस्पायर' या गटाबद्दल जरूर वाचा. २००६ पासून तिथे विद्यापीठातले संशोधक आणि ऑटिस्टिक प्रौढ बरोबरीनं काम करतात. गट सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक व्यक्ती स्वतः ऑटिस्टिक आहे. त्यांच्या बैठका बऱ्याचदा लिहून, चॅटवर होतात, कारण समोरासमोरच्या गलक्यात ज्याला बोलता येत नाही तो टाइप करून नेमकं सांगतो. आणि आपल्याकडचं बघायचं तर गोव्यात 'संगत' संस्थेनं केलेलं काम आहे. २०१२ मध्ये त्यांचा गोव्यातल्या पालकांच्या अडचणींवरचा अभ्यास आला. २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअट्री' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या गोवा-रावळपिंडीच्या चाचणीत, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या आई आणि मूल खेळतानाचा व्हिडिओ काढून तो आईलाच दाखवायच्या: इथे त्यानं तुमच्याकडे पाहिलं, इथे तुम्ही थांबलात. आईकडून नुसती माहिती काढून न्यायची नाही, तिच्या हातात काहीतरी ठेवायचं.

तुम्ही सगळीकडे 'पालक' लिहिलंय. ऑटिस्टिक माणूस कुठाय? मी माझ्या मुलाच्या वतीनं २० वर्षं उत्तरं देतेय आणि त्यातली किती चुकीची होती हे आता कळतं. मराठीत आपण 'स्वमग्नता' म्हणतो. गोड शब्द आहे, पण ज्यांच्यासाठी केला त्यांना कुणी विचारलं होतं का? आमच्या पोराचं जगाकडे इतकं लक्ष असतं की कुकरची शिटी व्हायच्या आधीच तो कान झाकतो.

आणि हे सौजन्य म्हणून करायचं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं सहावं कलम वाचा. व्यक्तीला समजेल अशा पद्धतीनं सांगून तिची संमती घ्या, असं तिथे लिहिलंय. शिवाय संशोधनासाठी सरकारी समितीची आधी परवानगी लागते, आणि त्या समितीत निम्मे तरी सदस्य स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांच्या नोंदणीकृत संस्थेचे असायला हवेत. तुमच्या गाइडना विचारून बघा, त्यांना हे माहीत आहे का. (खोचकपणा नाही, खरंच विचारा.) माझा मुलगा सज्ञान आहे. फॉर्मवर माझी सही झाली म्हणजे त्याची संमती झाली, असं धरू नका.

त्याला विचारायचं कसं? प्रश्न तीन दिवस आधी व्हॉट्सॲपवर पाठवा. 'कसं वाटतं' याला त्याच्याकडे उत्तर नसतं. 'दुकानात जायला आवडतं का, कोणत्या दुकानात' याला असतं. नको असेल तेव्हा तो फोन उलटा ठेवतो, म्हणजे थांबायचं. मग 'अजून एकच' म्हणायचं नाही. नवरात्रात येऊ नका. नऊ रात्री लाउडस्पीकर, झोप नाही, घरात सगळेच खेकसत असतात. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांतही नको, तेव्हा गच्चीवरचा गोंगाट दोन दिवस संपत नाही.

पैशाचं बोलायला तुम्हाला संकोच वाटत असेल, मला वाटत नाही. रिक्षाभाडं द्या, आणि त्याच्या तासाभराचे पैसे त्याच्या हातात द्या, माझ्या नाही. काम संपलं की निष्कर्ष एका पानात, मराठीत किंवा गुजरातीत, घरोघर पोचवा. प्रबंधाची पीडीएफ नको, ती कोण वाचणार!

काही पालक तुम्हाला पहिल्या भेटीत 'इलाज आहे का' विचारतील. स्टेम सेल उपचारांच्या नावाखाली लाखो रुपये घालवलेली घरं माझ्या माहितीत आहेत. त्यांना आशा लावून ४० चा आकडा गाठू नका. मी इलाज आणलेला नाही, असं पहिल्या वाक्यात सांगा. काही जण उठून जातील. जाऊ द्या.

तुमच्या ११ कुटुंबांना आता परत फोन करा, फॉर्मशिवाय. काय शोधावं, एवढंच विचारा. त्यातून तुमचा विषय बदलला तर गाइडशी भांडण होईल, ते तुमचं तुम्ही निस्तरा.

तुमचा प्रश्न मी मुलाला वाचून दाखवला. बराच वेळ तो रेग्युलेटर फिरवत बसला. मग टाइप केलं, "केटला पाना?" म्हणजे, किती पानं आहेत? त्याचं उत्तर आधी कळवा, मग वार ठरवू.