लॅपटॉपला लॅन पोर्ट नाही, तर केबलने इंटरनेट कसं घ्यायचं?

तुम्ही विचारलंय की नव्या लॅपटॉपला लॅन पोर्टच नाही, राउटर टेबलावरच आहे, आणि वाय-फायवर मीटिंगमध्ये आवाज तुटतो. तर केबल लावता येईल का, आणि लावली तर स्पीड कमी होईल का.

केबल नक्की लावता येते. त्यासाठी यूएसबी-टू-इथरनेट अडॅप्टर मिळतो. त्याच्या एका टोकाला यूएसबी असतं आणि दुसऱ्या टोकाला लॅन केबल बसेल असं आरजे-४५ सॉकेट. अडॅप्टर लावला, केबल खोचली की बहुतेक वेळा काम झालं. स्पीड किती मिळेल हे मात्र अडॅप्टर कोणता आहे आणि तो कुठल्या पोर्टमध्ये लावताय यावर ठरतं. लोक फसतात ते इथेच, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो.

त्याआधी एकदा लॅपटॉपच्या कडा नीट बघून घ्या. काही पातळ मॉडेल्समध्ये लॅन पोर्ट असतो, पण त्याचा खालचा जबडा दुमडलेला असतो आणि बोटाने खाली ओढल्यावरच पूर्ण उघडतो. बघणाऱ्याला ती नुसती फट वाटते. ऑफिससाठी बनवलेल्या काही मॉडेल्सना एक छोटं वेगळं सॉकेट असतं आणि त्याची आखूड जोडकेबल कंपनीकडून स्वतंत्र घ्यावी लागते. यातलं काहीच नसेल तर यूएसबी अडॅप्टर.

अडॅप्टरच्या खोक्यावर ‘१०/१००’ लिहिलेलं असेल तर तो जास्तीत जास्त १०० एमबीपीएस देईल. ‘१०/१००/१०००’ किंवा ‘गिगाबिट’ असं लिहिलेलंच घ्या. तुमचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा असेल आणि १०० वाला अडॅप्टर लावलात, तर केबलवर वाय-फायपेक्षा कमी स्पीड दिसू शकतो. असं झालं की लोक केबललाच नावं ठेवतात आणि अडॅप्टर कपाटात टाकून देतात.

दुसरी बाजू लॅपटॉपच्या पोर्टची. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा ४८० एमबीपीएस. त्यात गिगाबिट अडॅप्टर लावला तर प्रत्यक्षात ३०० च्या आसपासच मिळतात. यूएसबी ३.० मध्ये ५ जीबीपीएसची सोय असल्याने तिथे गिगाबिट पूर्ण चालतं आणि स्पीड टेस्टमध्ये ९४० च्या आसपास आकडा दिसतो. डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेट्समध्ये जातो; उरलेले साठेक प्रत्येक पॅकेटवरच्या पत्त्यासारख्या माहितीत, म्हणजे हेडरमध्ये जातात, तो बिघाड नव्हे. यूएसबी ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही त्याच ५ जीबीपीएसची नंतरची नावं आहेत, त्यामुळे नावांत अडकू नका. जुन्या चौकोनी पोर्टमध्ये आतली पट्टी निळी असेल किंवा शेजारी ‘एसएस’ अशी खूण असेल, तर तो सहसा ३.० असतो. टाइप-सीच्या बाबतीत मात्र पोर्टच्या आकारावरून काहीही ठरवू नका. काही लॅपटॉप्समध्ये टाइप-सी पोर्ट असूनही डेटा यूएसबी २.० च्याच वेगाने जातो. मॉडेलच्या स्पेसिफिकेशनमध्ये बघून खात्री करा.

२.५ गिगाबिटचे अडॅप्टरही मिळतात. राउटरला २.५ चा पोर्ट असेल आणि प्लॅनही एक गिगाबिटच्या वरचा असेल तरच त्यांचा उपयोग. नाहीतर साधा गिगाबिट पुरे.

आता चिप. अडॅप्टरवर नाव कुठल्याही ब्रँडचं असो, आत बहुतेकदा रिअलटेकची नाहीतर एसिक्सची चिप असते. गिगाबिटसाठी रिअलटेकची आरटीएल८१५३ आणि एसिक्सची एएक्स८८१७९ या दोन्ही वर्षानुवर्षं वापरात आहेत. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यातच, दोन्हींचे ड्रायव्हर (चिप चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आहेत, विंडोज १० आणि ११ वरही त्या सहसा आपोआप ओळखल्या जातात. विकणारा चिपचं नाव सांगत असेल तर मला तो अडॅप्टर जास्त भरवशाचा वाटतो. लॅपटॉपने अडॅप्टर ओळखलाच नाही, तर तात्पुरतं वाय-फाय चालू करा किंवा फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला द्या, आणि ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच उतरवा. ड्रायव्हर वाटणाऱ्या भलत्याच साइट्सवर जाऊ नका.

अडॅप्टरसारख्याच दिसणाऱ्या एका वस्तूपासून सावध राहा. एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला आरजे-४५ असलेले एक्स्टेन्डर जोडीने मिळतात. त्यांचं काम लॅन केबलमधून यूएसबी लांबवण्याचं, म्हणजे दूर ठेवलेला प्रिंटर वगैरे जोडण्याचं. त्यांच्यात नेटवर्कची चिपच नसते, त्यामुळे राउटरची केबल लावून काहीही होणार नाही.

लॅपटॉपला एक-दोनच टाइप-सी पोर्ट असतील तर लॅन, एचडीएमआय आणि चार्जिंग एकत्र असलेला हब घ्यावासा वाटेल. चालतो, पण त्यात सगळ्यांचा डेटा एकाच वायरीतून जातो. शिवाय हबमधून चार्जिंग करत असाल तर चार्जर काढताना किंवा लावताना काही हब क्षणभर स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतात, आणि तेवढ्यात नेट तुटतं. मीटिंग चालू असताना चार्जरला हात लावू नका. पोर्ट मोकळा असेल तर मी सुटा अडॅप्टरच सुचवेन.

केबलकडे कोणी फारसं लक्ष देत नाही, आणि बिघाड बऱ्याचदा तिच्यातच निघतो. गिगाबिटसाठी कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत पुरते, महागडी केबल घ्यायची गरज नाही. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. त्यामुळे एखादी तार तुटलेली असली किंवा टोकाशी सैल असली, तरी नेट पूर्ण बंद पडेलच असं नाही, बऱ्याचदा ते गुपचूप १०० वर येऊन चालत राहतं. म्हणून सगळं जोडल्यावर विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये इथरनेटचा लिंक स्पीड बघा. तिथे १०००/१००० दिसायला हवं. गिगाबिट अडॅप्टर असूनही १०० दिसलं, तर आधी केबल बदलून बघा, मग राउटरचा दुसरा पोर्ट. हे तपासताना वाय-फाय बंद ठेवा, म्हणजे डेटा नक्की कुठून जातोय याबद्दल शंका उरत नाही.

मधूनमधून कनेक्शन तुटत असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जा आणि वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करण्याची परवानगी काढून टाका. अडॅप्टर हाताला कोमट लागतो, ते ठीक आहे. वायरलेस माउसचा रिसीव्हर अगदी शेजारच्या पोर्टमध्ये असेल आणि माउस अडखळायला लागला, तर रिसीव्हर दुसऱ्या बाजूला लावा. यूएसबी ३.० चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, इंटेलने २०१२ मध्येच त्यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. आणि ऑफिस किंवा हॉस्टेलच्या नेटवर्कवर मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कच्या प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक) नोंदवावा लागत असेल, तर अडॅप्टरचा अ‍ॅड्रेस वेगळा असतो, तो नव्याने नोंदवून घ्या.

राहिला तुमचा मूळ त्रास, आवाज तुटण्याचा. व्हिडिओ कॉलला मोजकेच एमबीपीएस लागतात, त्यामुळे तो स्पीडचा प्रश्न क्वचितच असतो. वाय-फायवर एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. शेजारपाजारचे राउटर त्याच चॅनेलवर असले की तुमच्या पॅकेट्सना थांबावं लागतं, काही हरवतात आणि पुन्हा पाठवावी लागतात. उशिरा आलेलं पॅकेट कॉलच्या कामाचं नसतं, ते टाकून दिलं जातं आणि तुम्हाला आवाज तुटलेला ऐकू येतो. केबलवर हे थांबणं नाही.

खात्री करायची असेल तर मीटिंग चालू असताना राउटरच्या पत्त्यावर पिंग चालू ठेवा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड. हा पत्ता नेटवर्कच्या माहितीत ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून दिसतो. केबलवर उत्तर एखाद्या मिलिसेकंदात यायला हवं, आणि दर वेळी साधारण तेवढंच. वाय-फायवर हाच आकडा मध्येच ५०-१०० वर उडी मारत असेल, तर अडॅप्टरने तुमचं काम होईल. केबलवर राउटरपर्यंतचं पिंग स्थिर आहे आणि तरीही आवाज तुटतोय, असं झालं तर अडचण बहुधा राउटरच्या पुढे, इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या लाइनवर आहे. तक्रार नोंदवताना हे पिंगचे आकडे सोबत द्या, म्हणजे तुम्हाला पुन्हा वाय-फाय तपासायला सांगण्यात वेळ जाणार नाही.