कुशीवर झोपल्यावर कान बधिर होतो

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे असून सहा वर्षांपासून मला मधुमेह आहे व त्यासाठी मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू आहेत. साधारण दोन महिन्यांपासून रात्री उजव्या कुशीवर झोपले की पंधरा-वीस मिनिटांत उजव्या कानाला मुंग्या येतात आणि मग कान बधिर होतो. कूस बदलली की पाच मिनिटांत तो पूर्ववत होतो. दिवसा काहीच जाणवत नाही. दोन उशा घेऊन झोपण्याची मला सवय आहे. शेजारच्या काकूंच्या मते ही अर्धांगवायूची पूर्वसूचना आहे, जाऊबाईंनी लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडायला सांगितले आहे, आणि मुलगा मेंदूचा एमआरआय करून घेऊ म्हणतो. मी खरोखर घाबरले आहे. काय करावे?
— एक वाचक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातील ‘बधिर’ या शब्दापाशी मी थोडा थांबलो, कारण मराठीत हा एकच शब्द ऐकू न येण्यासाठीही वापरतात आणि स्पर्श न कळण्यासाठीही. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत. ऐकण्याची संवेदना मेंदूकडे नेणारी नस कवटीच्या आत, आतल्या कानापासून निघते. बाहेरच्या कानाच्या त्वचेचा स्पर्श मात्र निराळ्या नसा नेतात आणि त्यांतील सर्वांत मोठी तर मानेतून वर येते. म्हणून आज रात्री कान बधिर वाटेल तेव्हा दोन गोष्टी करून पाहा. प्रथम फोन आळीपाळीने दोन्ही कानांना लावून आवाज सारखाच येतो का ते पाहा. मग कापसाचा बारीक बोळा कानाची पाळी, कानाची वरची कड, कानामागचे हाड आणि कानासमोरचा गाल यांवरून अलगद फिरवा आणि स्पर्श नेमका कुठे कमी लागतो ते लिहून ठेवा. ही नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

ती का उपयोगी पडते, हे थोडे सविस्तर सांगतो. मान डावीकडे वळवली की उजव्या कानामागून गळ्याच्या खाचेपर्यंत एक तिरका स्नायू उठून दिसतो. मणक्याच्या वरच्या भागातून, दुसऱ्या व तिसऱ्या मानेच्या नसांपासून निघालेली ‘ग्रेट ऑरिक्युलर’ ही नस या स्नायूच्या मागच्या कडेला वळसा घालून त्याच्यावरून, त्वचेच्या अगदी जवळून, कानाकडे चढते आणि पाळी, कानाचा खालचा व मागचा भाग आणि जबड्याच्या कोनावरची त्वचा यांना स्पर्शज्ञान देते. कानाच्या पुढच्या भागाचा स्पर्श चेहऱ्याला स्पर्शज्ञान देणाऱ्या ‘ट्रायजेमिनल’ नसेची शाखा नेते, तर कानाच्या पोकळीजवळच्या थोड्या भागात थेट छातीपोटापर्यंत जाणाऱ्या ‘व्हेगस’ नसेची एक शाखा पोहोचते, आणि म्हणूनच कान साफ करताना काहींना खोकला येतो. पाळी व कानामागचा भाग बधिर होत असेल तर लक्ष मानेकडे आणि उशीकडे जाते; गाल, ओठ किंवा जीभही सोबत बधिर होत असेल तर विचार वेगळा करावा लागतो.

आपण दिलेल्या वर्णनावरून मला दाबाचे कारण सर्वाधिक संभवनीय वाटते. पाळी सोडली तर बाकीच्या कानात कूर्चेवर केवळ पातळ त्वचा असते, चरबीची गादी नसते, आणि चार-पाच किलो वजनाचे डोके त्याच्यावर टेकले की बारीक रक्तवाहिन्या व नसांची टोके दबतात. त्यात दोन उशांमुळे मान रात्रभर वाकलेली राहते व मानेतील नसेवरही ताण येतो. मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात, तसाच हा प्रकार आहे. मधुमेहात नसा दाबाला लवकर बळी पडतात, हेही इथे लक्षात घ्यायला हवे.

अर्धांगवायूचा झटका कूस पाहून येत नाही. तो एकाएकी येतो आणि त्यात बहुधा चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे असतात. ती पाच मिनिटांत ओसरली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण गुठळी विरघळवण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, किंवा कानात ठणका लागून बारीक फोड उठले व चेहरा एका बाजूला ओढला गेला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अशा फोडांवरचे औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाले तर अधिक चांगले. यांपैकी काहीही आपल्या पत्रात नाही, त्यामुळे सध्या एमआरआयवर खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक शक्यता मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे ती लपवली जाते. कुष्ठरोगात हीच मानेतली नस जाड होते, आणि मान वळवल्यावर ती दोरीसारखी हाताला लागते. २००५ मध्ये देशपातळीवर या रोगाचे प्रमाण दर १०,००० लोकांमागे एका रुग्णाच्या खाली आले, तरी रोग नाहीसा झालेला नाही. त्यातला बधिरपणा मात्र दिवसरात्र टिकतो, कूस बदलून जात नाही, आणि बहुधा अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा असतो. असे कोणाला दिसले तर लाजू नये. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते आणि सहा महिने किंवा वर्षभराच्या उपचाराने रोग बरा होतो.

आता उपाय. एकच उशी घ्यावी, आणि तिची उंची अशी असावी की कुशीवर झोपल्यावर खांदा व डोके यांमधली पोकळी भरेल आणि नाक छातीच्या मध्यरेषेत राहील. जुन्या मऊ साडीची चुंबळ करून उशीवर ठेवावी व कान तिच्या पोकळीत येईल असे डोके टेकावे. कुड्या आणि बुगडी रात्री काढून ठेवावी, कारण कुडीची फिरकी पाळीमागे नेमकी नसेच्या शाखांवर रुतते. तेल मात्र कानात सोडू नये: त्रास बाहेरच्या त्वचेचा आहे, तेल तिथे काही करू शकत नाही, आणि पडद्याला छिद्र असेल तर ते आत जाऊन अपाय होतो. तीन आठवड्यांत फरक पडला नाही, बधिरपणा दिवसाही राहू लागला, किंवा कानाच्या कडेवर दुखरी गाठ आली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

खरे सांगायचे तर मला आपल्या कानापेक्षा पायांची काळजी अधिक वाटते. मधुमेहाने नसांना होणारी इजा बहुतेक वेळा दोन्ही तळपायांपासून सुरू होते आणि ती पुष्कळदा कळतही नाही; शिवाय मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांपैकी काहींच्या रक्तात बी-१२ कमी होते व त्यानेही मुंग्या येतात. पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा चपला काढून तळपाय दाखवा आणि साखरेबरोबर बी-१२ चीही तपासणी करून घ्या.