गेमने पोरगा बिघडला का?

‘मारामारीचे गेम खेळून खेळून अंगात तेच भिनलंय,’ अशी तक्रार घेऊन धुळ्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे पालक काही थोडे नाहीत. अमळनेर तालुक्यातल्या एका आईचीही तीच होती. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) मुलगा सातवीत. सातपुड्यातून वसतिगृहात आलेल्या एका पावरा आदिवासी मुलाच्या बोलण्याची नक्कल करून त्याला रडवणाऱ्या टोळक्यात हाही होता. शाळेतून बोलावणं आलं. आजीने तर निकालच दिला: ‘पोऱ्या बिघडी गया!’

मी त्याला विचारलं, कोणता गेम? ‘अंडरटेल.’ चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर खेळायचा, इंग्रजी अडलं की त्यालाच विचारायचा. टोबी फॉक्सचा हा २०१५चा गेम. यात समोरच्याला मारता येतं, तसं सोडूनही देता येतं; एकालाही न मारता शेवटापर्यंत जाता येतं. सुरुवातीलाच टोरिएल नावाची आईसारखी जपणारी बाई भेटते, खाऊपिऊ घालते, पण बाहेर जाऊ देत नाही. याने तिला मारलं. मग वाईट वाटलं म्हणून गेम पुन्हा सुरू करून तिला सोडलं. तर फ्लॉवी नावाचं फूल टोमणा मारतं, की तू आधी काय केलंस ते मला ठाऊक आहे. ‘मॅडम, परत सुरू केला तरी त्याला आठवत होतं!’ सांगताना तो खुर्चीच्या कडेवर आला होता.

‘मग वर्गातल्या त्या मुलाला आठवत असेल?’

बराच वेळ तो माझ्या टेबलावरचं पेन उघडझाप करत बसला. ‘असंल.’

आईला लगेच माफी हवी होती. मी थांबायला सांगितलं. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत आणा, वेळ ठरवून द्या आणि शेजारी बसून फक्त विचारा, ‘हिला का सोडलंस?’ उत्तर पटलं नाही तरी प्रवचन नको. खरं बोललं की दहा नाणी देणारे ‘संस्कारी’ गेम मला स्वतःला पटत नाहीत. पोरं नाण्यांचा हिशेब बरोबर ओळखतात.

कापूस वेचणीचे दिवस, तरी वडील बसले. स्वतः खेळायला घेतलं आणि पहिल्याच फटक्यात टोरिएलवर तुटून पडले. ‘पप्पा, सोडता येतं तिला!’ पोरगा ओरडला.

नक्कल थांबलीय, असं वर्गशिक्षकांनी कळवलं. त्यातलं किती गेममुळे आणि किती शाळेच्या धाकाने, मी सांगू शकत नाही. माफी मात्र त्याने अजून मागितलेली नाही. आई दर भेटीत विचारते, मी दर वेळी तिला थोपवते.